थांबवलेली पत्रं

३ जून

ताई,

नमस्कार. उद्या दुपारी बोट निघेल, त्याआधी हे टाकतो. पुढचं टपाल मला सात आठवड्यांनी मिळेल, तेव्हा उत्तर सावकाश लिही, पण लिही.

भिंगरी सोळा तारखेला तुझ्याकडे येते आहे. तिची आई सोडायला येईल. सासूबाई मार्चमध्ये गेल्या आणि घरात पोरीला बघणारं कोणी उरलं नाही. हिची हॉस्पिटलातली पाळी दर आठवड्याला बदलते, मी वर्षातले नऊ महिने इंजिनरूममध्ये. नऊ वर्षांच्या पोरीच्या गळ्यात किल्ली अडकवून किती दिवस काढणार? ही म्हणते, जरा थांब, काहीतरी मार्ग निघेल. मी म्हटलं, मार्ग काढायचा कशाला, मळलेली वाट समोर आहे. मी आठव्या वर्षी त्याच बोर्डिंगात गेलो. मला काय झालं? सहा मिनिटांत आंघोळ करून, कपडे घालून रांगेत उभा राहतो. अजूनही. बोटीवर त्याचं फार कौतुक आहे.

एकच सांगणं. तू तिथे रेक्टर आहेस म्हणून तिचे लाड नकोत. बाकीच्या एकोणचाळीस तशी ही चाळिसावी. सुट्टीत आत्या, शाळेत बाई. मला तिथे कोणी आत्या नव्हती आणि माझं काही अडलं नाही. रडली तर रडू दे, दमली की थांबते. मला स्वतःला तिथे रडल्याचं आठवत नाही.

बाबांना कळवलेलं नाही. ते उत्तरात 'बरं' लिहितील आणि खाली पाऊसपाणी. त्यांची पत्रं म्हणजे वेधशाळेचा अहवाल. एक्याऐंशीव्या वर्षी कालव्याकाठी एकटे राहतात, त्यांच्या डोक्याला आणखी कशाला ताप.

तुझा,
धाकटा


२० जून

धाकट्या,

आशीर्वाद. माल पोचला. एक ट्रंक, दोन कांबळी, एक मुलगी. ट्रंकेची कडी तुटली आहे, बाकी दोन्ही ठीक.

पलंग नंबर सत्तावीस दिला आहे, भिंतीकडचा. खिडकीकडचे जुन्या मुलींना. तिची आई फाटकाशी उभी होती. मी म्हटलं, निरोप आटोपता घ्या, लांबवला की त्रास होतो. तिने आटोपता घेतला. मग अर्धा तास फाटकाबाहेर उभी राहिली. हे आमच्या नियमात बसतं, फाटकाबाहेर माझा अधिकार नाही.

भिंगरीने धावत येऊन मला 'आत्या' म्हणून हाक मारली. मी 'बाई म्हणायचं' असं सांगितलं, तुझ्या सूचनेप्रमाणे. दुसऱ्या दिवसापासून तिने कोणतीच हाक मारलेली नाही.

आणखी एक काम गळ्यात पडलं आहे. शाळेला पंचाहत्तर वर्षं होतात, स्मरणिका निघणार. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, वसतिगृहाचा इतिहास तुम्ही लिहा. सुरुवातीला जगभरातल्या बोर्डिंगांवर दोन पानं टाका, म्हणजे भारदस्त वाटेल." मग ग्रंथालयातून आठ पुस्तकं आणली. वाचते आहे. एका थंड मुलखात म्हणे बड्या घरचे लोक सातव्या वर्षीच मुलगे पाठवून देत. धाकट्यांनी थोरल्यांचे बूट पुसायचे, बिछाने ऊबदार करून द्यायचे. हीच मुलं पुढे जाऊन निम्म्या जगावर राज्य करायची. जग असं का चाललं ते मला त्यातून बरंच कळलं.

तू इथे आठ वर्षं काढलीस. आठवेल ते लिहून पाठव. तेव्हा मला तुझा फार हेवा वाटायचा, हे आता सांगायला हरकत नाही. बाबांचं काम पुलांवरचं, दर वर्षी नवी नदी, नवी खोली. मी आईबरोबर चुली मांडत आणि मोडत फिरले आणि तुला मात्र पक्क्या भिंतीची शाळा.

ताई


८ ऑगस्ट

ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. भिंगरीचीही सात मिळाली, एकदम. सातही एकाच मजकुराची. 'मी मजेत आहे. अभ्यास चांगला चालला आहे. जेवण भरपूर असते. तुम्ही काळजी करू नये.' अक्षर सुधारलं आहे. फळ्यावरून लिहून घेण्याची पद्धत अजून चालू आहे म्हणायची. बरं वाटलं. आमच्या वेळी रविवारी सकाळी नऊला रेक्टरसर फळ्यावर मजकूर लिहायचे आणि आम्ही साठजण तो उतरवून काढायचो. एका मुलाने 'काळजी करू नये'मधला 'नये' गाळला होता, त्याला पुन्हा लिहावं लागलं.

तुझ्या इतिहासासाठी घे. घंटा साडेपाचला. आंघोळ गार पाण्याची. बॉयलर होता, पण तो पाहुण्यांना दाखवायला. मी नंतर इंजिनियर झालो त्याला तो बॉयलर कारण असावा, इतकी वर्षं बंद पडलेलं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही. वाढायला कोबी. आठवड्यातून सात वेळा. केस महिन्याला एकदा, सगळ्यांचे एकाच मापाचे. नावाने हाक फक्त निकालाच्या दिवशी, एरवी नंबर. मी एकेचाळीस.

पहिलं दीड वर्ष फारसं आठवत नाही. तिथे पान कोरं आहे. तिसरीपासून पुढचं स्पष्ट आहे.

आणि हे स्मरणिकेत नको, पण विषय निघालाच आहे म्हणून. तुम्ही लोकांनी तेव्हा जे ठरवलंत ते माझ्या भल्याचंच होतं. मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. पोरगी रडारड लिहीत नाही हे पाहून वाटलं, माझ्यापेक्षा घट्ट आहे.

धाकटा


३० ऑगस्ट

धाकट्या,

आशीर्वाद. तुझ्या आठवणी वापरते, बॉयलर सोडून. तो अजून तिथेच आहे आणि समारंभाला पाहुणे येणार आहेत.

'तुम्ही लोकांनी जे ठरवलंत' म्हणजे काय ते कळलं नाही. आम्ही काय ठरवलं? तुला शाळेत घालायचं बाबांनी ठरवलं, ते तर सगळ्यांदेखत. आणि 'रडारड' कुठून आली? तूच लिहिलंस, रडल्याचं आठवत नाही. एक काय ते ठरव.

माझा इतिहास पुढे सरकतो आहे. एका देशात सरकारने रानावनात राहणाऱ्या लोकांची मुलं उचलून आणली, दूरच्या वसतिगृहात कोंडली, केस कापले. घरची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा. मुलं परत गेली तेव्हा आईशी बोलायला शब्द नव्हते. दुसरीकडे डोंगरातल्या मठात पाच वर्षांची पोरं पाठांतराला बसवतात, पण आईबाप सणावाराला येऊन भेटतात. आणखी एका माळरानावर गुरं राखणाऱ्यांची मुलं हिवाळाभर शाळेच्या वसतिगृहात राहतात आणि उन्हाळ्यात आपल्या कळपाकडे परततात. मला त्यातल्या त्यात हे शहाणपणाचं वाटलं. मुलांना घरापासून तोडायची कारणं देशोदेशी निरनिराळी, फरशी मात्र सगळीकडे गारच.

भिंगरी ठीक आहे. वजन दीड किलोने उतरलं, ते सगळ्यांचंच पहिल्या सत्रात उतरतं. गणितात पहिली आली.

ताई


१२ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. एक काय ते ठरव म्हणालीस, ठरवतो.

पहिल्या वर्षी मी बाबांना नऊ पत्रं लिहिली. फळ्यावरची नव्हेत, माझी. वहीच्या पानांवर. फळ्यावरचं पत्र संपलं की मागे बसून लिहायचो आणि दारातल्या पेटीत टाकायचो. मला इथून न्या, एवढाच मजकूर. नीट शब्द आठवत नाहीत. उत्तरं आठवतात. बाबांचं पत्र महिन्यातून एक यायचं. 'मन लावून अभ्यास कर. इकडे पाऊस बरा आहे.' मी लिहायचो घ्यायला या, आणि उत्तर यायचं पाऊस बरा आहे.

दिवाळखोराचं दार ठोठावायचं सावकार सोडतो तसं मी नवव्यानंतर सोडलं. पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा वाटलं, कोणीतरी विषय काढेल. आई ताटात वाढत होती, बाबा पुलाचे नकाशे बघत होते, तू माझे केस बघून हसलीस. कोणी काढला नाही, मग मीही काढला नाही. आठ वर्षांचा होतो, पण एवढं कळलं की सगळ्यांनी वाचलं आहे आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे.

त्याला आता चाळीस वर्षं झाली. माझी तक्रार नाही. माणूस त्यातून घडतो. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

इंजिनाचा एक पंप गेला होता, दुरुस्त केला.

धाकटा


२ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं, मग शिपाईमामांकडून कोठीची किल्ली घेतली.

आपल्या घरी तुझं असं एकही पत्र आलं नाही. ऐकतोस ना? एकही नाही. घरात पत्रं वाचून दाखवायचं काम माझं होतं, कारण बाबांना सही करणं आणि मापं वाचणं एवढंच नीट यायचं. ते पुढे मोठेपणी शिकले, तू मॅट्रिक झाल्यावर. त्यांची तुला गेलेली पत्रंसुद्धा मीच लिहिली आहेत. ते सांगायचे, मी लिहायचे. 'पाऊस बरा आहे' माझ्या अक्षरात आहे. तू मजेत असल्याचं दर आठवड्याला वाचून आम्ही काय लिहिणार होतो?

कोठीत तुमच्या रेक्टरसरांची पत्र्याची पेटी निघाली. आत गठ्ठे, वर्षवार, सुतळीने बांधलेले. वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: 'थांबवलेली पत्रे. पालकांना विनाकारण चिंता नको.' माणूस दुष्ट नव्हता रे. दुष्ट माणूस फाडून टाकतो. याने क्रमांक घातले. तुझी नऊच आहेत, तुझी मोजणी बरोबर. एकावर कोबीचा डाग आहे. मी पहिलं वाचलं आणि पुढची वाचली नाहीत. ती माझ्या नावाची नाहीत.

आता माझं.

मुलींची पत्रं मीच तपासते. वीस वर्षं. फळ्यावर मजकूर मीच लिहिते. कोणी मागच्या बाजूला वेगळं लिहिलं तर ते माझ्या टेबलाच्या डाव्या खणात जातं. मी सुतळी बांधत नाही, एवढाच काय तो फरक. खणात भिंगरीची तीन पत्रं आहेत. पहिलं तुझ्या ऑगस्टच्या पत्राआधीचं. तू तिला घट्ट म्हणालास तेव्हा ते माझ्यासमोर उघडं पडलं होतं, आणि मी तुला लिहिलं की गणितात पहिली आली.

तिन्ही सोबत ठेवली आहेत. तिसऱ्यात तिने लिहिलं आहे, 'आत्या माझ्याकडे भिंतीकडे बघतात तशी बघते.' ते खरं आहे. मला दुसरं कसं बघायचं ते सुचलं नव्हतं.

काल मी तिला खोलीत बोलावलं. सांगितलं, तुझी पत्रं मी थांबवली होती, आता पाठवते. ती म्हणाली, "मला माहीत होतं. पेटीची किल्ली तुमच्याच कमरेला असते." मी म्हटलं, "मग पुन्हा पुन्हा का लिहिलंस?" म्हणाली, "तुम्ही तरी वाचाल म्हणून."

तुझ्या नऊ पत्रांचं काय करू? लिहिलेली तू, नाव बाबांचं.

ताई


२८ नोव्हेंबर

ताई,

भिंगरीची पत्रं वाचली. मग इंजिनरूममध्ये गेलो, तिथे आवाज असतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बोट सोडता येत नाही. करार आहे आणि चहूकडे पाणी आहे. हिला लिहिलं आहे, पोरीला घरी आण, पुढचं पुढे बघू. ही सुरुवातीपासून नको म्हणत होती, हे आता ती मला उरलेलं आयुष्य ऐकवेल. तिचा हक्क आहे. पण तिला सुट्टी कधी मिळते, घरी कोण बसतं, काही ठाऊक नाही.

तुझ्यावर राग आला होता. दोन दिवस टिकला. मग आठवलं की लाड नकोत असं मीच लिहून दिलं होतं, सहीनिशी.

एक गोष्ट सांगतो, ती कोणाला सांगू नकोस. बाबांना वाचता येत नव्हतं हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं मी एका माणसावर रुसलो होतो, आणि त्या माणसाच्या हातात काही पडलंच नव्हतं. तेव्हा आता इतक्या वर्षांचा हा रुसवा कुठे ठेवायचा ते कळत नाही. केबिनमध्ये जागा कमी आहे.

त्या नऊ पत्रांचं विचारलंस. नियमाने पत्र ज्याच्या नावावर असतं त्याचं. पोस्टात टाक.

धाकटा


२१ डिसेंबर

धाकट्या,

टाकली. चौदा तारखेला, नवीन पाकिटात, वर एक ओळ लिहून, 'ही तुमची आहेत, उशिरा सापडली.' आणि पेटीतली बाकीचीही टाकली, ज्यांचे पत्ते अजून असण्याची शक्यता होती त्यांची. दोनशे सहा. मुख्याध्यापकांना नंतर सांगितलं. ते म्हणाले, "बाई, स्मरणिकेत हे येणार नाही." मी म्हटलं, "नको, टपालाने गेलंय तेवढं पुरे."

आता मूळ गोष्ट. एकोणीसला सकाळी वॉचमन धावत आला. म्हणाला, "एक आजोबा आलेत, आणि ते मी सांगतो ते ऐकत नाहीत." फाटकाशी बाबा. धुतलेला सदरा, छत्री, हातात पुलांच्या कामावरची ती जुनी चामडी पिशवी, रिकामी. दोन बस बदलून, एकटे. वॉचमनने पुढे केलेल्या वहीत त्यांनी 'कोणाला भेटायचे' या रकान्यात तुझं नाव लिहिलं होतं, आणि 'कारण' या रकान्यात 'घरी नेणे'.

वाटलं, वय झालं, डोक्यात गोंधळ झाला. मी जवळ जाऊन हळू म्हटलं, "बाबा, धाकटा आता इथे नाही. तो अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. बोटीवर असतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुलाच्या खांबात भेग दिसली की पाहायचे तसं. "मला माहीत आहे. मी काय खुळा झालो? त्याचं लग्न मीच लावलं."

"मग हे काय लिहिलंत?"

"पत्रात लिहिलंय घ्यायला या. पत्र आलं, मी आलो. माझ्याकडून झालं." मग छत्री काखेत मारून, "त्याने नऊ वेळा लिहावं आणि मी एकदाही जाऊ नये, असं कसं चालेल."

मी त्यांना खोलीत बसवलं. पाणी दिलं. आणि मग भिंगरीचं सगळं सांगितलं, डाव्या खणासकट. वाटलं होतं बोलतील. ते एवढंच म्हणाले, "ती इथे आहे हे मला कोणी का कळवलं नाही?"

"तुम्हाला ताप नको म्हणून."

"कोणी ठरवलं?"

आपल्या घरात सगळे एकमेकांचा ताप वाचवत आले, बघ.

"तिच्या घरी बघायला कोणी नाही म्हणून ठेवली ना?" बाबा म्हणाले. "मी आहे की. दिवसभर कालव्याकडे बघत बसतो. त्याऐवजी पोरीकडे बघीन. कालवा काही कुठे जात नाही."

भिंगरीला बोलावलं. दोघांनी एकमेकांना नीट पाहून घेतलं. बाबांनी विचारलं, "येतेस?" तिने विचारलं, "किती दिवस?" बाबा म्हणाले, "तू कंटाळेपर्यंत. किंवा मी मरेपर्यंत. जे आधी होईल ते." ती ट्रंक आणायला गेली.

आई, वडील किंवा त्यांचं लेखी पत्र, याशिवाय मुलगी फाटकाबाहेर सोडता येत नाही. मुख्याध्यापक स्वतः खाली आले. "बाई, नियम वाचलेत ना?" मी म्हटलं, "तोंडपाठ आहेत सर. म्हणून तर इतकी वर्षं चुकत गेले." तुझं अठ्ठावीस नोव्हेंबरचं पत्र दाखवलं. ते म्हणाले, त्यात आजोबांचा उल्लेख नाही. मी म्हटलं, "नाही," आणि वहीत सही केली. पुढच्या सत्रापासून दुसरी रेक्टर बघणार आहेत. महिनाभर रविवारी फळा कोरा ठेवते आहे, तोपर्यंत तसाच ठेवीन. पहिल्या रविवारी मुली तासभर नुसत्या बसून राहिल्या, काय लिहायचं ते कळेना. दुसऱ्या रविवारी कागद कमी पडले.

फाटकाशी भिंगरी परत फिरून माझ्याकडे आली. वाटलं, आत्या म्हणेल. म्हणाली, "बॉयलरच्या मागे मांजरीची तीन पिल्लं आहेत, त्यांना दूध घालायचं." घालते.

ताई


६ जानेवारी

चि. धाकट्यास,

हे मी स्वतः लिहितो आहे. अक्षर समजून घे. भिंगरी शेजारी बसली आहे आणि वेलांट्या सांगते आहे.

तुझी नऊ पत्रं एकोणीसशे कितीतली ते सोड, मला डिसेंबरात मिळाली. उत्तराला वेळ लागला, कारण आधी ती वाचायला वेळ लागला. आता एकेकाचं लिहितो.

कांबळं टोचतं असं लिहिलंस. आतून जुनं धोतर शिवून घ्यायला हवं होतं, तुझ्या आईला सांगितलं असतं तर एका दुपारचं काम. एकेचाळीस नंबर म्हणतात, तुम्ही माझं नाव त्यांना सांगितलं नाही का, असं विचारलंस. सांगितलं होतं. मी ते मोठ्याने दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्या पत्रात तू पुलाचं विचारलंस, पूर्ण झाला का, कारण पूर्ण झाला की आपण दुसरीकडे जाऊ आणि मग तुला घर सापडणार नाही. पूल झाला होता. पण आम्ही निघताना नवा पत्ता शाळेला स्वतः जाऊन दिला. तू वर्गात होतास. भेटू नका, मुलगा बिथरेल, असं सांगितलं म्हणून खिडकीतून बघून आलो. तू तिसऱ्या रांगेत होतास आणि मान खाली होती. मला वाटलं अभ्यास करतोस.

चौथ्या, पाचव्या आणि सहाव्यात एकच मजकूर आहे, त्यांचं उत्तर एकच धर. सातव्यात तू लिहिलंस, मी काही चूक केली असेल तर सांगा, पुन्हा करणार नाही. हे वाचून मी उठून बाहेर गेलो. तू काही केलं नव्हतंस. मला वाचता येत नव्हतं म्हणून कामावर कोणीही कशावरही सही घ्यायचा. तुझं तसं होऊ नये, म्हणून पाठवलं. हे तेव्हा सांगायला हवं होतं. मुलांना कारण सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

आठव्यात फक्त माझं नाव आहे आणि खाली कागद कोरा आहे. तेही वाचलं.

नवव्यात तू दिवस आणि वेळ दिली होतीस. रविवारी चारला, फाटकाशी, ट्रंकेसह. त्या रविवारी मी काय करत होतो ते आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. आठवत नाही. नुसता घरी असेन.

सून बरी आहे. भिंगरी इथल्या शाळेत जाते, मी सोडतो आणि आणतो. फाटकाशी पंधरा मिनिटं आधी जाऊन उभा राहतो, त्यामुळे तिथल्या बाया हसतात. हसोत.

तुझी बोट मार्चमध्ये लागते असं कळलं. मी बंदरावर येतो. तिथे बाहेर पडायला दरवाजे बरेच असतात म्हणे, तर कोणत्या दरवाजाने निघशील ते लिही, आणि किती वाजता. सामान जास्त असलं तरी हरकत नाही.

बाबा